प्रागचा शनिवार आणि प्रागचा रविवार

प्रश्न : मी जर्मनीत ड्रेस्डेन येथे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात एका शनिवार-रविवारी मैत्रिणीबरोबर प्रागला जाण्याचा विचार आहे. वेळ दोनच दिवसांचा आणि पैसे बेताचे. किल्ला, पूल, घड्याळ आणि ज्यू वस्ती एवढ्या वेळात पाहून होतील का, आणि कोणत्या क्रमाने पाहाव्यात? आम्ही दोघीही शाकाहारी आहोत.
– एक विद्यार्थिनी (मूळ गाव सातारा)

उत्तर : पाहून होतील, मात्र क्रम तुमच्या आधी वारांनीच ठरवून टाकलेला आहे. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा पवित्र दिवस, असल्याने योसेफोव या जुन्या ज्यू वस्तीतील संग्रहालय, त्याची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) आणि दफनभूमी त्या दिवशी बंद असतात. रविवारी सकाळी किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालू असते आणि पर्यटकांना दुपारपर्यंत आत सोडत नाहीत. त्यामुळे शनिवारी किल्ला आणि रविवारी सकाळी योसेफोव, एवढे पक्के धरून बाकीचे त्याभोवती बसवावे.

गाडीला सुमारे अडीच तास लागतात. जाताना डाव्या खिडकीशी बसा, म्हणजे सीमेपर्यंत एल्ब नदी आणि तिच्या काठचे उभे वालुकाश्माचे कडे दिसत राहतील. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि जर्मनीचा निवास परवाना मूळ स्वरूपात जवळ असलाच पाहिजे, कारण गाडीत तपासणी होऊ शकते आणि मोबाइलमधले छायाचित्र तेथे चालत नाही.

किल्ल्याच्या प्रवेशद्वाराशी पिशव्या तपासतात आणि रांग मोठी होते, म्हणून पोहोचल्यावर सामान ठेवून थेट तेथेच जावे. कॅथीड्रलची पायाभरणी १३४४ मध्ये झाली आणि काम पूर्ण झाले १९२९ मध्ये, हे लक्षात ठेवून आत शिरलात तर एकाच छताखाली चौदाव्या शतकातले दगडकाम आणि विसाव्या शतकातल्या रंगीत काचा कशा नांदतात ते पाहता येईल.

चार्ल्स पूल मात्र दुपारी पाहू नका. सुमारे ५१६ मीटर लांबीच्या या पुलावर दिवसा माणसांच्या खांद्यांपलीकडे काही दिसत नाही. रविवारी उजाडताना जा. सम्राट चौथ्या चार्ल्सच्या काळात, १३५७ मध्ये, त्याचे काम सुरू झाले. दोन्ही कठड्यांवरचे तीस पुतळे बहुतांशी नंतरचे आहेत. त्यांतला सर्वांत जुना, १६८३ चा, सेंट जॉन नेपोमुकचा आहे. या धर्मगुरूला १३९३ मध्ये राजाज्ञेने नदीत टाकण्यात आले. पुतळ्याखालचे ब्राँझचे फलक काळवंडलेले आहेत, पण लोकांनी हात लावून लावून त्यांचा काही भाग सोन्यासारखा झळाळतो, अगदी आपल्याकडे देवळाच्या उंबरठ्यावरचे पितळ झळाळते तसा.

योसेफोवला निदान अडीच तास द्या. माझ्या मते या सहलीत घाई न करण्याची जागा हीच. पिन्कास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेशांतील) सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. ती गावांनुसार लावली आहेत; नावापुढे जन्मतारीख आणि त्या व्यक्तीविषयी शेवटची ठाऊक असलेली तारीख आहे. एकच कुटुंब निवडून त्याच्या तारखा वाचा, म्हणजे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची शेवटची तारीख एकच आल्याचे काही ठिकाणी आढळेल. वरच्या मजल्यावर तेरेझीन येथील नाझींच्या छावणीत डांबलेल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. शेजारच्या दफनभूमीत जागा अपुरी पडल्याने मातीचे थर चढवत एकावर एक दफने झाली, म्हणून तेथील सुमारे १२ हजार शिळा एकमेकींना टेकून वाकड्यातिकड्या उभ्या आहेत.

पैशांबाबत सावध राहा. तेथे युरो नव्हे, कोरुना चालतो. पहिल्या खेपेस मी ‘कमिशन नाही’ या पाटीला भुलून एका खिडकीवर युरो बदलले आणि दरातच बरेच पैसे गमावले. आता निदान बदललेले पैसे तीन तासांच्या आत परत करण्याचा हक्क ग्राहकाला कायद्याने आहे, तेव्हा पावती जपून ठेवा. ट्रामचे कागदी तिकीट चढल्यावर लगेच पिवळ्या यंत्रात छापून घ्यावे. नुसते जवळ असणे पुरत नाही. जेवणात ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाविना. तळलेल्या चीजची वडी, ‘स्माझेनी सीर’, बहुतेक ठिकाणी मिळते. सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, ते बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात.

प्रश्न : माझ्या भाच्याने १० जानेवारीला प्रागच्या जुन्या घड्याळाचे छायाचित्र पाठवले. त्यात सूर्य मकर राशीत दिसतो, आपल्या पंचांगात तर तो तेव्हा धनू राशीत होता. शिवाय घड्याळावर आकड्यांची तीन वर्तुळे आहेत. घड्याळ चुकले आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घड्याळ बरोबर आहे, आणि पंचांगही. १४१० चे हे घड्याळ सायन राशी, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या राशी, दाखवते. तेथे सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास मकरेत शिरतो. आपली पंचांगे निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजणारी, असल्याने आपली मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते.

रोमन आकडे आजची वेळ दाखवतात. बाहेरच्या काळ्या कड्यावरचे सोनेरी आकडे जुन्या बोहेमियन पद्धतीचे. तेथे दिवस सूर्यास्ताला संपे, म्हणून २४ चा आकडा मावळतीवर येतो आणि मावळती जसजशी सरकते तसतसे हे कडे वर्षभर मागेपुढे हलते. काटा २० वर असला तर उजेडाचे चार तास उरले, असे शेतकऱ्याला किंवा वाटसरूला एका नजरेत कळे. आपल्याकडे घटिका सूर्योदयापासून मोजत, तेथे हिशेब सूर्यास्ताचा. तिसरे, आतले आकडे उदयापासून अस्तापर्यंतच्या वेळेचे बारा समान भाग करतात. त्यामुळे त्यांचा एक ‘तास’ जूनमध्ये सुमारे ८० मिनिटांचा आणि डिसेंबरमध्ये सुमारे ४० मिनिटांचा होतो.

दर तासाला वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे, पुतळे फिरतात. गर्दी त्यांच्यासाठी जमते, परंतु ते पुतळे १९४५ च्या आगीनंतर नव्याने कोरलेले आहेत. भाचा अजून तेथे असेल तर त्याला सांगा, प्रेषित आत गेले आणि गर्दी पांगली की तबकडीपुढे थांबून अर्धा रुपेरी, अर्धा काळा चंद्राचा गोळा पाहा. तो त्या दिवशीची कला दाखवतो. मग चौक ओलांडून टीन चर्चमध्ये जा. तेथे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे पुरला आहे. १६०१ मध्ये तो वारला, आणि त्याने नोंदवलेल्या मंगळाच्या स्थानांवरून खगोलशास्त्रज्ञ केप्लरने याच शहरात मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे शोधून काढले. तबकडीच्या मध्यभागी मात्र आजही पृथ्वीच आहे.