ओतप्रोत आणि पानाचा ताणा

प्रश्न : सोलापुरात उपयोजित कला शिकतो आहे. छापील मासिकांच्या पानांमागची ग्रिड, म्हणजे मजकूर आणि चित्रं ज्यांच्या आधारानं मांडतात त्या न दिसणाऱ्या रेघा, अभ्यासतोय. तिला मराठीत 'जाळी' म्हणावं की 'चौकट'? आणि 'मजकूर ग्रिडमध्ये ओतप्रोत भरला आहे' हे वाक्य चालेल का?

उत्तर : चौकट दाराला असते, तसबिरीला असते, तो शब्द कडेपाशीच थांबतो. जाळीचं नंतर सांगतो. आधी ते 'ओतप्रोत भरला'! सूत्रसंचालकांच्या तोंडी, भाषणांत, सत्काराच्या मानपत्रांत हे सतत कानावर येतं आणि दर वेळी डोकं फिरतं. ओतप्रोतचा ओतण्याशी काडीचा संबंध नाही. संस्कृतात 'वे' हा विणण्याचा धातू. त्यापासून 'उत' म्हणजे विणलेलं. आ अधिक उत, ओत. प्र अधिक उत, प्रोत. उभं-आडवं विणलेलं, एवढाच अर्थ. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत आहे? विषय साक्षात पाण्याचा, तरी तिच्या डोळ्यांसमोर माग आहे! 'आता रूढ झालंय, सोडून द्या' असं सांगणारे जाणकार मला मान्य नाहीत. मागाची घागर करायला निदान सोलापूरकरानं तरी हात लावू नये.

आता जाळी. जाळीत महत्त्व भोकाला. वारा आत यावा, मासा बाहेर जाऊ नये. 'जालक' सुचवणारे तीच चूक संस्कृतात करतात. खुद्द इंग्रजी 'ग्रिड' ग्रिडआयर्नवरून आला, त्याच्या मागे लॅटिन 'क्राटिस', म्हणजे विणलेला कूड. तिकडचा शब्दसुद्धा विणीपाशीच पोचतो.

म्हणून माझं मत : ग्रिड म्हणजे पानाचा ताणा. मागावर उभे धागे आधी ताणून फणीतून ओवलेले असतात, मगच आडवा धागा घेऊन धोटा फिरतो. पानावरही उभ्या पट्ट्या आधी ठरतात, मग मजकुराच्या ओळी त्यांतून आडव्या धावतात. जर्मनीत 1959 साली निघालेल्या 'ट्वेन' मासिकासाठी त्याचा कलादिग्दर्शक विली फ्लेकहाऊसनं 12 पट्ट्यांचा ताणा वापरला. 12 ला 2, 3, 4, 6 नं भाग जातो, त्यामुळे एकाच अंकात एक पान तीन रकान्यांचं आणि पुढचं चार रकान्यांचं असलं तरी दोन्ही एकाच मागावरची वाटतात. पाहायचं असेल तर एकाच अंकाच्या आठ-दहा पानांवर एकच बटर पेपर ठेवून रकान्यांच्या आणि चित्रांच्या कडा पेन्सिलीनं ओढा. ज्या रेघा पुन्हापुन्हा एकमेकींवर येतात, तो ताणा.

आणि शहराच्या पूर्व भागात एकदा जाऊन या. तिथले तेलुगू विणकर ताण्याला 'पडुगु' आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, 'पेक' म्हणतात. चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून कशी उतरवतात तेही विचारा. तुमचा निम्मा अभ्यास तिथेच होईल.

वाक्य असं करा : 'मजकूर आणि चित्रं या ताण्यावर ओतप्रोत आहेत.' 'भरला' खोडा.