मुलीला एमएस जनरल सर्जरीची सीट मिळतेय. हल्लीच्या काळात नुसत्या जनरल सर्जनला काही किंमत उरली आहे का?

तुमच्या प्रश्नातल्या 'नुसत्या' या शब्दामुळे लिहायला बसलो. हा शब्द मी पंचवीस वर्षं ऐकतोय, तोही घरातल्याच माणसाकडून.

एमएस झाल्यावर मी धुळ्यापासून पन्नास किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला. माझं शिक्षण थोरल्या भावाच्या पगारावर झालेलं, त्यामुळे बोलायचा त्याला हक्कच होता. दादा म्हणाला, "एमसीएच कर, सुपरस्पेशालिस्ट हो, अजून तीन वर्षं मी बघतो. नुसता जनरल सर्जन होऊन इथे हर्निया-हायड्रोसील करत बसणार का?" मी ऐकलं नाही.

2002 ची दिवाळी. दादा-वहिनी पुण्याहून आमच्याकडे आले होते. पाडव्याच्या रात्री नऊच्या सुमारास एकोणीस वर्षांच्या पोराला खाटेवर घालून आणलं. कापसाच्या ट्रॉलीवरून डाव्या कुशीवर पडला होता. नाडी 140, वरचं प्रेशर 70, पोट टम्म, पापणी उलटून पाहिली तर आत पांढरीफटक. डावा खांदा दुखतोय म्हणत होता आणि खांद्याला तर खरचटलंही नव्हतं. पोटात सुई घालून पाहिली. सिरिंजमध्ये रक्त आलं, आणि ते बाजूला ठेवलं तरी गोठेना. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा (स्प्लीन) फुटली होती. बाप माझे पाय सोडत नव्हता, "डाक्टर, मन्हा आंडोरले वाचाडा" (माझ्या पोराला वाचवा) एवढंच म्हणत होता.

धुळ्याला पाठवलं असतं तर पोरगा वाटेतच गेला असता. ब्लड बँकही धुळ्यालाच. रक्ताचा नमुना दादाच्या हातात दिला, पोराच्या दोन काकांना त्याच्या गाडीत बसवलं आणि पिटाळलं. भूल देणारे डॉक्टर सणासाठी गावातच थांबले होते, ते पाच मिनिटांत आले.

अशा पोटात रक्तच रक्ताला थोपवून धरत असतं. पोट उघडलं की तो दाब जातो आणि प्रेशर कोसळतं. म्हणून दिसत काही नसताना हात थेट डावीकडे वर घालायचा आणि प्लीहेचा देठ बोटांत पकडायचा. तो पकडला, चिमटा लागला, मग श्वास घेतला. आतडं कुठे फुटलंय का ते आधी पाहिलं, कारण फुटलं असतं तर ते रक्त टाकूनच द्यावं लागलं असतं. आतडं शाबूत होतं. सिस्टरने पोटातलं रक्त निर्जंतुक वाटीने काढलं, गॉजच्या आठ घड्यांतून गाळलं, रक्त न गोठण्याचं औषध असलेल्या बाटलीत भरलं आणि त्याचंच रक्त त्याला परत चढवलं. दोन बाटल्या भरल्या. तासाभरात प्लीहा बाहेर होती.

दादा दोन पिशव्या घेऊन पहाटे परतला तेव्हा पोरगा पाणी मागत होता. दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "हे मोठ्या हॉस्पिटलात व्हायला हवं होतं."

दादा, व्हायला हवं होतंच. पण तो तिथवर पोचला नसता.

आणि हर्नियाचं म्हणशील, तर आमच्याच जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला जाळी म्हणून वापरलं आणि 2003 साली इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत त्याचे निष्कर्ष छापले. महागडी जाळी ज्यांना परवडत नव्हती, त्यांची त्यामुळे सोय झाली. 1990 साली मुंबईत जे.जे.ला दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली ती डॉ. तेहमटन उडवाडियांनी. तेही जनरल सर्जनच.

तर सीट घ्या. एमएसनंतर मुलीला एखाद्या अवयवाची खरंच ओढ लागली तर एमसीएच जरूर करू द्या, पण लोक मानतील म्हणून करू नका. अपेंडिक्स, अल्सर फुटणं, आतड्याला पीळ, मधुमेह्याचा सडलेला पाय, हे सुपरस्पेशालिस्ट गाठायची वाट बघत नाही. शहरात मात्र नुसत्या एमएसवर जम बसायला वेळ लागतो, हे खरं आहे. दुर्बिणीचं काम तिने निवासी असतानाच हातात बसवून घ्यावं. भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसेल अशा गावात दवाखाना टाकू नये. आणि कुठला पेशंट आपला नाही हे ओळखायला शिकावं. डोक्याला मार लागलेले मी आजही पुढे पाठवतो. रात्रीची झोप विसरावी लागते, नातेवाईक कधी अंगावर येतात, माझ्या बायकोने तर पंचवीस वर्षांत एकही दिवाळी सुखाने घालवलेली नाही. हेही तिला आधीच सांगा.

मुलगी आहे म्हणून तुम्ही कचरत असाल, तर एवढंच सांगतो. मागच्या वर्षी पाड्यावरची एक बाई आली. छातीतली गाठ तिने दोन वर्षं पदराखाली लपवली होती. जखम होऊन वास यायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं. इतके दिवस का थांबलीस, असं सिस्टरने विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, इथे बाई डॉक्टर असती तर पहिल्याच महिन्यात दाखवली असती.