क्लार्क त्या रात्री घरी नव्हता

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. लिंकन यांच्या हत्येवरचे तुझे प्रकरण काल वाचून संपवले. भाषा नेटकी आहे. पण गोळी लागल्यावर लिंकन यांना ज्या घरात नेले त्या पीटरसनच्या घरातला तरुण भाडेकरू विल्यम क्लार्क याने १९ एप्रिल १८६५ रोजी बहिणीला, म्हणजे आयडाला, लिहिलेल्या पत्राला तू ‘मृत्युशय्येची साक्ष’ म्हटले आहेस, तिथे मी अडलो. १५ एप्रिलला सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ज्या खाटेवर लिंकन यांचा प्राण गेला ती खाट क्लार्कची आणि खोलीही त्याचीच, हे खरे. मात्र त्या रात्री तो घरी नव्हता.

म्हणून पत्र बाजूला टाकू नकोस. तीच गादी अजून आपल्या खाटेवर आहे आणि लिंकन यांच्या अंगावरचे पांघरूणच आपण रोज रात्री घेतो, असे तो बहिणीला सहज सांगून जातो. आठवण म्हणून काहीतरी उचलून नेण्याची प्रत्येकाची धडपड असल्यामुळे खोलीत येणाऱ्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागते, अशी त्याची तक्रार आहे. आणि त्याच पत्रात लिंकन यांच्या केसांची बट आपण चौकटीत बसवून घेतल्याचेही तो लिहितो! सरकारी जबाबात हे कोण सांगणार? घरच्या माणसापाशीच माणूस असे बोलतो.

याउलट ज्युलिया शेपर्ड ही प्रेक्षक, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्या फोर्ड नाट्यगृहात, स्वतः बसली होती आणि तिने १६ एप्रिललाच वडिलांना पत्र घातले. पिस्तुलाचा आवाज ऐकून हा नाटकाचाच भाग असावा का, असा प्रश्न तिला क्षणभर पडला. रंगमंचावर उडी घेतलेला मारेकरी बूथ ‘दक्षिणेचा सूड उगवला’ असे ओरडल्याचे ती लिहिते, तर इतर अनेकांनी त्याच्या तोंडून व्हर्जिनियाचे लॅटिन ब्रीदवाक्य ऐकले. या दोन्हींची मोट बांधून तू एकच सलग आरोळी तयार केली आहेस. ती मोडून प्रत्येक वाक्य ज्याच्या कानाने ऐकले त्याच्या नावावर आणि पत्राच्या तारखेसह मांड. शेपर्डचे पत्र १९०९ मध्ये मासिकात छापले गेले, त्यामुळे हस्तलिखित पाहता आले तर तेही ताडून घे.

पुढच्या मसुद्यात क्लार्कला मृत्युशय्येच्या प्रकरणातून काढ आणि त्या खोलीच्या पुढच्या चार दिवसांवर स्वतंत्र प्रकरण लिही. पाने सोमवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर