सिलिकॉन कार्बाइड वाढवल्यावर कडकपणा वाढतो, मग ताणबल का घसरतं?

तुम्ही विचारलंय की ॲल्युमिनियमच्या पावडरीत वजनाने ५, १० आणि १५ टक्के सिलिकॉन कार्बाइड मिसळून, दाबून, नायट्रोजनमध्ये ६०० अंश सेल्सिअसला सिंटर केल्यावर (म्हणजे न वितळवता तापवून कण एकमेकांत जुळवल्यावर) कडकपणा चढत गेला, पण १५ टक्क्यांना ताणबल (ओढल्यावर तुटेपर्यंत सहन होणारा ताण) घसरलं आणि नमुना जवळजवळ न ताणता तुटला, असं का?

आधी कडकपणाच्या आकड्यावरचा विश्वास थोडा कमी करा. त्या चाचणीत कडक गोळी किंवा टोक पदार्थावर दाबलं जातं, त्यामुळे खालची छिद्रं मिटतात आणि सैल कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात. ताण दिला की तीच छिद्रं उघडतात. त्यामुळे कडकपणावरून ताणबल काढायचा साध्या धातूंचा ठोकताळा इथे लावू नये. कमी भाराचं व्हिकर्स (हिऱ्याच्या टोकाने कडकपणा मोजायची चाचणी) वापरलं असेल तर टोक कार्बाइडच्या कणावर बसलं की आकडा उगाच फुगतो. २.५ मिलिमीटरची गोळी आणि ६२.५ किलोचा भार घेऊन ब्रिनेल (गोळीने कडकपणा मोजायची चाचणी) करा, निदान आठ-दहा ठिकाणी.

मग घनता मोजा, आर्किमिडीज पद्धतीने, म्हणजे नमुन्याचं हवेतलं आणि पाण्यातलं वजन घेऊन. छिद्रं पृष्ठभागापर्यंत उघडी असतील तर पाणी आत शिरतं, म्हणून नमुन्यावर आधी मेणाचा किंवा लाखेचा पातळ थर द्या आणि त्याचं वजन व आकारमान हिशेबातून वजा करा. इथे बरेच जण एक गफलत करतात: सैद्धांतिक घनता (एकही छिद्र नसतं तर आली असती ती) म्हणून शुद्ध ॲल्युमिनियमची २.७० ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर घेतात. कार्बाइडची घनता ३.२१ आहे. वजनाने १५ टक्के म्हणजे आकारमानाने साधारण १३ टक्के, आणि मिश्रणाची सैद्धांतिक घनता २.७७ च्या आसपास येते. तुमचा नमुना समजा २.५५ भरला, तर २.७० ने भागून ९४ टक्के दिसतील, खरे मात्र ९२ आहेत. आठ टक्के छिद्रं असलेल्या तुकड्याकडून ताणबलाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

छिद्रं वाढण्याचं मुख्य कारण म्हणजे कार्बाइडला कार्बाइड चिकटून बसणं. ६०० अंशांना ॲल्युमिनियमचे कण एकमेकांत जुळतात, पण कार्बाइडचे दोन कण जुळायला २००० अंशांच्या घरातलं तापमान लागतं. म्हणजे तुमच्या भट्टीत कार्बाइडचा प्रत्येक पुंजका सुटाच राहतो आणि तिथे भेग तयारच असते. टक्केवारी जितकी जास्त, तितके पुंजके जास्त. त्यात आकाराचा मेळ बिघडला की प्रकरण हाताबाहेर जातं. ॲल्युमिनियम ४५ मायक्रॉनचं आणि कार्बाइड ३ मायक्रॉनचं असेल, तर बारीक कण मोठ्या कणांच्या फटींत जाऊन दाटतात. २० ते २५ मायक्रॉनचं ॲल्युमिनियम आणि १० ते १५ मायक्रॉनचं कार्बाइड घेतलं तर वाटणी बरीच सुधारते.

मिसळण्यासाठी नुसता फिरता डबा पुरत नाही. बॉल मिलमध्ये (कडक गोळ्या घालून फिरवायच्या दळणयंत्रात) गोळ्या आणि पावडर वजनाने ५:१, मिनिटाला १५० ते २०० फेरे, दोन-तीन तास, मध्ये मध्ये थांबून. याहून जास्त दळू नका: ॲल्युमिनियम चपटं आणि ताठर होतं, मग डायमध्ये (दाबायच्या साच्यात) नीट दबत नाही. दळलेली बारीक ॲल्युमिनियम पावडर हवेत पेट घेऊ शकते, म्हणून भांडं पूर्ण थंड झाल्यावर, आर्गॉनमध्ये, हळूहळू उघडा.

दाब ५०० ते ६०० मेगापास्कल ठेवा. वंगण म्हणून अमाइड वॅक्स (पावडरीत मिसळायचं एक मेण) १ ते १.५ टक्के पुरतं. ते ४०० अंशांच्या आसपास अर्धा तास थांबून पूर्ण जाळा, नाहीतर त्याचा वायू आतून गोल छिद्रं पाडतो. ॲल्युमिनियमच्या कणावरचं ऑक्साइडचं कवच नायट्रोजनने निघत नाही, त्यासाठी ०.५ ते १ टक्का मॅग्नेशियम हवं, ते त्या कवचाशी अभिक्रिया करून त्याला फोडतं. नायट्रोजनचा दवबिंदू (ज्या तापमानाला त्यातली वाफ गोठू लागते ते; जितका कमी, तितका वायू कोरडा) उणे ४० अंश किंवा त्याखाली हवा. तापमान वाढवून घनता मिळवायचा मोह टाळा. ६६० च्या वर ॲल्युमिनियम वितळतं आणि कार्बाइडशी अभिक्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड बनतं. ते ठिसूळ असतं आणि दमट हवेत विघटित होतं.

आकार परवानगी देत असेल तर मी सिंटर केलेला तुकडा ४५० ते ५०० अंशांना १०:१ किंवा जास्त गुणोत्तराने (आधीचं आणि नंतरचं छेदक्षेत्रफळ) एक्स्ट्रूड करेन, म्हणजे गरम असताना अरुंद तोंडातून दाबून बाहेर काढेन. छिद्रं मिटतात, ऑक्साइडची कवचं फाटतात, पुंजके मोडतात. वरच्या सगळ्या किरकोळ दुरुस्त्यांपेक्षा याने जास्त फरक पडतो.

नेमकं काय बिघडलं हे तुटलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कळेल. कार्बाइडचे कण मधोमध तुटलेले असतील तर जोड चांगला आहे, मग कण बारीक करा. गुळगुळीत उघडे कण आणि त्यांच्या जागी खळगे दिसले तर जोड सुटतोय, मॅग्नेशियम आणि दवबिंदू तपासा. वेड्यावाकड्या फटी असतील तर दाब कमी पडला. आणि सुट्या दाण्यांची घरटी दिसली तर मिसळण्यातच गडबड आहे; तुमच्या वर्णनावरून माझा कल याच बाजूला आहे.