सुट्टीनंतर भट्टीवर परतताना
गावच्या जत्रेसाठी आठ-दहा दिवस रजा घेऊन तुम्ही मे महिन्यात फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, परतलात, की हात काम विसरलेले नसतात, पण शरीराची उष्णता सोसण्याची सवय मात्र आठवडाभरातच उतरू लागलेली असते. म्हणून अमेरिकेच्या ‘नायॉश’ (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस अशी आहे, की सरावलेल्या कामगारानेही उष्णतेतील काम पहिल्या दिवशी नेहमीच्या 50 टक्के, दुसऱ्या दिवशी 60, तिसऱ्या दिवशी 80 आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण करावे. अगदी नवख्याने 20 टक्क्यांपासूनच सुरुवात करावी. मुकादम कुरकुरतील, कुरकुरू द्यावे. तहानेची वाट न पाहता दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. कारखानाही बंद राहिला असेल, तर लॅडलच्या (वितळलेला धातू वाहून ओतण्याच्या भांड्याच्या) अस्तरात ओल मुरलेली असू शकते आणि तिच्यावर वितळलेले लोखंड पडताच वाफेचा स्फोट होतो. लॅडल पूर्ण तापवल्याशिवाय ओतकामाला उभे राहू नये.