ब्रश फिनिश स्टीलवरचे चरे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कुकर सरकवल्याने सिंकच्या ड्रेनबोर्डवर (भांडी निथळायच्या सपाट भागावर) आडवे चरे पडलेत. तारेच्या घासणीने घासलं, तर चरे तसेच राहिले आणि वर गोल गोल खुणा उठल्या. काय करावं?

उत्तर: आधी गोल घासणं बंद करा. ब्रश फिनिश म्हणजे कारखान्यात साधारण १२० ते १८० ग्रिटच्या घासपट्ट्याने एकाच दिशेला पाडलेल्या बारीक रेघा. ग्रिट म्हणजे घासकागदाचा नंबर; तो जितका मोठा, तितका कागद बारीक. त्या रेघांना छेद देऊन जाणारी खूण लगेच डोळ्यांत भरते. चरा बुजवता येत नाही, त्याच दिशेच्या रेघांत मिसळून टाकावा लागतो.

भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा काढून पृष्ठभाग कोरडा करा. खिडकीच्या उजेडात तिरकं बघून रेघांची दिशा ठरवा. सिंकच्या खोलगट वाटीपाशी ती बदलते, म्हणून तिथे मास्किंग टेप लावा. आता चऱ्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर मरून रंगाचा नायलॉनचा घासायचा पॅड पुरतो. अडकलं तर सपाट लाकडी ठोकळ्याला २४० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) गुंडाळा, साबणाच्या पाण्यात भिजवा आणि रेघांच्या दिशेने या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हात मारा. मध्येच थांबलात तर थांबल्याची खूण राहते. दाब फक्त चऱ्यावर दिलात तर तिथे खळगा पडतो आणि उजेड पडला की पत्रा लाटालाटांचा दिसतो. दहा-पंधरा हातांनंतर धुऊन बघा. चरा गेला की मरून पॅडने तसेच लांब हात मारा.

घासलेला भाग शेजारच्यापेक्षा चकचकीत दिसला, तर रेघा जास्तच बारीक पडल्यात. १८० नंबरच्या कागदाचे दोन-तीन हलके हात द्या. उलट खरखरीत, मंद दिसला तर पॅड आणखी फिरवा. खोल खाच मात्र कमी होईल तेवढीच करा. पत्रा पातळ असतो, तिचा तळ गाठायला जाऊ नका.

प्रश्न: घासल्यावर चारच दिवसांत तपकिरी ठिपके आले. स्टीलला गंज कसा?

उत्तर: बहुधा गंज घासणीचा आहे. साध्या लोखंडी तारेचे कण रेघांत अडकतात आणि ओल मिळाली की गंजतात. खिडकीच्या गजांवर वापरलेला पॉलिश पेपर स्टीलवर वापरला तरी हेच होतं, म्हणून स्टीलचा कागद वेगळा ठेवा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं वीसेक मिनिटं ठिपक्यांवर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुऊन पुसा. बाथरूमचं अ‍ॅसिड किंवा ब्लीच कधीही वापरू नका. त्यातलं क्लोराइड स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर फोडतं आणि बारीक छिद्रं पडतात. ती मग कशानेच जात नाहीत.

प्रश्न: फ्रिजच्या दारावर हीच पद्धत चालेल का?

उत्तर: बोटांचे ठसे न उमटणारं दार असेल तर नाही. त्यावर पारदर्शक लेप असतो. एकदा पॅड फिरला की लेप निघून कायमचा चट्टा उठतो.