लेकीला क्विल्टिंगमध्येच करिअर करायचंय, मशीन घेऊन द्यावं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, ताई नाशिकच्या जेलरोडला राहतात, लेक टीवायबीकॉमला आहे, आणि गेले काही महिने ती अमेरिकेतल्या बायकांचे लाँगआर्म मशीनवर क्विल्ट (त्यांच्याकडची गोधडी) शिवतानाचे व्हिडिओ बघत बसते आणि आता म्हणते मला सीए नको, बँकेच्या परीक्षा नको, मला हेच करायचंय, मशीन घेऊन द्या. मिस्टर लवकरच प्रेसमधून रिटायर होतायत, त्या पैशात मशीन बसेल असं लेकीचं गणित. आणि मिस्टर म्हणतात माझ्या आईने जन्मभर गोधड्या शिवल्या, कोणी चहाचे पैसे दिले नाहीत. तुम्ही विचारलंय की हे करिअर आहे का नुसतं खूळ.

करिअर आहे. पण लेकीला व्हिडिओत जे दिसतंय तेवढंच ते नाहीये, आणि नाशिकमध्ये तर तसंच्या तसं उचलून आणता येणार नाही. रिटायरमेंटच्या पैशाला हात लावू नका हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मिस्टर पुढचं शांतपणे वाचतील.

आधी हे मशीन काय आहे ते तुम्हालाही माहीत हवं, कारण पत्रात तुम्ही 'मोठं शिलाई मशीन' असं लिहिलंय. आपल्या घरच्या मशीनमध्ये मशीन जागेवर असतं आणि आपण कापड सरकवतो, इथे उलटं, कापड रोलरवर ताणून जागेवर राहतं आणि हँडल धरून मशीनच रुळांवर फिरवायचं. सुई आणि मशीनचं अंग यामधली जागा घरच्या मशीनमध्ये सात-आठ इंच असते, इथे १८ पासून ३० इंचांपर्यंत, म्हणून नाव लाँगआर्म. फ्रेम १०-१२ फुटांची, शिवाय मागून-पुढून फिरायला जागा पाहिजे, म्हणजे तुमच्या फ्लॅटचा हॉल गेला असं समजा. गॅमिल, हँडी क्विल्टर ही नावं लेकीने तुम्हाला ऐकवली असतीलच, दोन्ही अमेरिकन कंपन्या. किंमत तिथेच हजारो डॉलरमध्ये आणि कॉम्प्युटरवाली चांगली मशीन २०-३० हजार डॉलरच्याही पुढे जातात, त्यावर जहाजाचं भाडं, ड्युटी, आणि मशीनचं टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या हुकाचा मेळ, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार हा प्रश्न वेगळाच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रूळ, फ्रेम, एखादा पार्ट बनवून देणारी माणसं मिळतील हो, आपलं गावच तसलं आहे, पण मशीनचं डोकं बिघडलं तर मेन रोडच्या मशीन दुरुस्तीवाल्याने ते आधी कधी उघडलेलंच नसणार.

आता त्या बायकांचा दिवस कसा जातो ते सांगते, कारण व्हिडिओ पळवलेला असतो आणि त्यात फक्त सुंदर पिसांची नक्षी उमटताना दिसते. खरं काम असं की गिऱ्हाईक स्वतः घरी तुकडे जोडून क्विल्टचा वरचा थर शिवून आणते, त्याला टॉप म्हणतात, आणि लाँगआर्मवालीने फक्त टॉप, मधलं भरण म्हणजे बॅटिंग आणि खालचं कापड म्हणजे बॅकिंग हे तीन थर एकत्र शिवून द्यायचे असतात. आल्या आल्या मापं घ्यायची, बॅकिंग चारही बाजूंनी साधारण चार-चार इंच जास्त आहे का बघायचं (नसतंच बऱ्याचदा, मग फोन करा), शिवण कुठे उसवलीये का, काठ मधेच फुगलाय का, पांढऱ्या कापडाखाली काळा दोरा राहिलाय का, हे सगळं लिहून घ्यायचं आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं, नाहीतर नंतर बिल तुमच्यावर फाटतं. मग इस्त्री, मग रोलरवर चढवणं, दोऱ्याचा रंग ठरवणं, कडेच्या जास्तीच्या कापडावर दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, तपासणं. वरून टाका छान दिसतो आणि वळणावर खालच्या बाजूने दोऱ्याचे लूप निघालेले असतात, ते पाच मिनिटांत सापडलं तर ठीक, अर्धा क्विल्ट झाल्यावर सापडलं तर उसवत बसा, आणि शिवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट उसवायला लागतो.

आणि नक्षी म्हणाल तर बहुतेक गिऱ्हाइकांना साधी, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच डिझाइन हवी असते. मशीनच्या मागच्या बाजूला कागदाची लांब पट्टी ठेवलेली असते, तिच्यावरच्या रेघेवरून लेझरचा लाल ठिपका फिरवत जायचं, त्याला पँटोग्राफ म्हणतात, किंवा तेही कॉम्प्युटर करतो आणि तुम्ही दोरा तुटतोय का बॉबिन संपतेय का हे बघत उभ्या. दिवसभर उभं राहणं, खांदे आणि कंबर भरून येणं. टॉपमधल्या प्रत्येक चौकोनाला, म्हणजे ब्लॉकला, वेगळी नक्षी, पट्टी लावून सरळ रेघा, असलं कस्टम काम कमी येतं आणि त्याचे पैसे जास्त. तिकडे दर चौरस इंचावर असतो, समजा २ सेंट धरले तर ६० बाय ८० च्या क्विल्टचे ४८०० चौरस इंच होतात, म्हणजे ९६ डॉलर, त्यातून दोरा, वीज, मशीनचा हप्ता, सर्व्हिसिंग जायचं.

ही सगळी गाडी चालते कशावर, तर हौसेने टॉप शिवून कपाटात ठेवलेल्या हजारो बायकांवर. शिवून झालंय, पण तीन थर घरच्या मशीनखाली मावत नाहीत, म्हणून लाँगआर्मवालीकडे जायचं. आपल्याकडे ही बाईच नाहीये! आहेत काही हौशी, पण त्या नाशिकमध्ये तुमचं १२ फुटांचं मशीन रोज चालतं ठेवतील इतक्या नाहीत. आपल्या गोधडीत टॉप वेगळा आणि क्विल्टिंग वेगळं असं कुणी कुणाला देत नाही, आजी जुन्या साड्या अंथरते, कडा दुमडते आणि धावदोरा घालत घालत थर जोडणं आणि नक्षी एकदमच होते. आणि कारखान्यातल्या रजयांचं म्हणाल तर तिथे एका पॅटर्नचं मीटरवारी कापड निघतं, त्या भावाशी घरातून स्पर्धा करायचा विचारही नको.

मग इथे गिऱ्हाईक कोण? माझ्या मते साड्यांची पिशवी घेऊन येणारं माणूस. आई गेली, तिच्या साड्या कपाटात आहेत, टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत, त्याची गोधडी करून द्या. किंवा बाळाच्या पहिल्या वर्षातले कपडे, आजोबांचे शर्ट, परदेशात राहणाऱ्या मुलाला पाठवायचं काहीतरी. याला पैसे द्यायला लोक तयार होतात, कारण त्याची तुलना दुकानातल्या ब्लँकेटशी होत नाही. पण यात काम वेगळं आणि जास्त आहे, साड्या धुऊन निवडायच्या, जुनं रेशीम घडीवर चिरलेलं असतं त्याला मागून पातळ अस्तर लावायचं, जॉर्जेट ताणलं जातं आणि सुईखाली सरकतं, जरीवर सुई अडते, आणि रेशमात सुईचं भोक पडलं की ते पडलं. कापायच्या आधी फोटो पाठवून 'इथून कापू का' असं विचारायचं आणि लेखी हो घ्यायचं, तोंडी हो चालणार नाही, साडी गेलेल्या माणसाची असते आणि तिच्यावर चार भावंडांचा डोळा असतो. येवल्याची पैठणी आली तर काठ-पदराचं काय करायचं हे घरच्यांनी एकमताने सांगितल्याशिवाय कात्री उचलायची नाही.

भाव सांगताना जीभ अडखळते सगळ्यांची. ६० बाय ९० ची सिंगल गोधडी म्हणजे ५४०० चौरस इंच, नुसत्या क्विल्टिंगचे इंचाला ५० पैसे म्हटले तरी २७०० रुपये होतात, जोडकाम, बॅटिंग, अस्तर वेगळं. समोरचा म्हणणार 'एवढे?' तेव्हा गप्प राहता आलं पाहिजे. तुमच्या सासूबाईंना पैसे मिळाले नाहीत कारण त्यांनी कधी मागितले नाहीत आणि शिवायच्या त्या घरच्यांसाठी, शेजारणींसाठी. मिस्टरांचं निरीक्षण बरोबर आहे, त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

पुढचा भाग लेकीला वाचायला द्या.

हे बघ बाळा, तुला त्या व्हिडिओत आवडतंय ते नेमकं काय हे आधी स्वतःशी खरं बोल. तुला नक्षी काढायला आवडते का, का दुसऱ्याचं कापड जबाबदारीने सांभाळून वेळेत परत द्यायला आवडेल? धंदा या दुसऱ्या गोष्टीवर चालतो. पहिली गोष्ट खेळ आहे आणि तो खेळ सोडायचा नाही, चांगल्या क्विल्टर तो मुद्दाम जपतात, गिऱ्हाइकाचं काम उतरवलं की उरलेलं बॅकिंग, बॅटिंगच्या पट्ट्या, कुठलंही चिंधुक लावतात आणि नवीन दोरा, नवीन पान, वेडीवाकडी वर्तुळं करून बघतात, बिघडलं तर बिघडलं. गिऱ्हाइकाच्या साडीवर प्रयोग करायचा नसतो, तिथे हाताला आधीच येत असलेलंच करायचं, आणि हाताला नवीन काही यायला हा खेळच लागतो. म्हणून आठवड्यातली एक संध्याकाळ अशी ठेव, त्यातलं काही विकायचं नाही आणि इन्स्टावर तर अजिबात टाकायचं नाही, लाइक मोजायला लागलीस की पुन्हा तेच ते सुंदर दिसणारं करत बसशील.

मशीनशिवाय आजपासून करता येईल असं सांगते. वहीचं पान घे आणि पेन न उचलता, रेघ रेघेला न छेदता पूर्ण भरून काढ, कोपऱ्यात अडकायचं नाही. रांगोळीत ठिपक्यांभोवती एकच रेघ फिरवून परत निघाल्या जागी आणायची असते ना, तसंच डोकं इथे लागतं, पुढे कुठून बाहेर पडायचं ते आधी दिसलं पाहिजे. ते जमलं की घरचं शिलाई मशीन घे, कापड पुढे सरकवणारे खालचे दात खाली घे, जुन्या काळ्या मशीनला ती सोय नसते तर दात झाकायची प्लेट मिळते, आणि कापड हाताने फिरव. आपल्याकडे मशीन एम्ब्रॉयडरी करणाऱ्या बायका प्रेसर फूट काढून, रिंग लावून साध्या मशीनवर हेच करतात आणि काय हात असतो एकेकीचा. तसा क्लास शोध, तो तुला दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवेल. पहिलं काम ४० बाय ४० चं बाळाचं दुपटं, डबलबेडची गोधडी नाही. आणि बॅटिंग घेताना विचार की दोन टाक्यांच्या ओळींत किती अंतर चालेल, पिंजलेला कापूस विरळ टाक्यांत धुतल्यावर गोळा होतो.

आजी आहे ना अजून घरात? तिच्या शेजारी बस आणि एक गोधडी तिच्या पद्धतीने हाताने पूर्ण कर. कर्नाटकातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून सुरू करून आत मध्याकडे शिवत नेतात, आजी कुठून सुरू करते आणि का, सुरकुती कुठे ढकलते, हे विचारून ठेव. तुझं पुढे काही वेगळं दिसलं तर ते यातून दिसेल, अमेरिकन पिसं काढणाऱ्या हजारो जणी आहेत.

ताई, आता परत तुमच्याशी. बीकॉम पूर्ण होऊ द्या, यात तडजोड नको, कॉस्टिंग आणि जीएसटी तिला येतं, ते या धंद्यात पडलेल्या किती जणींना येत नाही. त्यानंतर एक वर्ष द्या आणि एक अट घाला, नात्यातल्या आणि मैत्रिणींच्या बाहेरच्या १० माणसांनी तिला पूर्ण पैसे देऊन गोधडी किंवा दुपटं करून घेतलं पाहिजे. मावशीने कौतुकाने घेतलेलं धरायचं नाही. सप्टेंबरपासून प्रयत्न करा, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येईपर्यंत ऑर्डर हातात असायला हव्यात, थंडी पडल्यावर शिवायला घेतली तर द्यायला फेब्रुवारी उजाडतो. शिकायला अजून हवं असेल तर आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि खरंच डिझाइनची ओढ असेल तर निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेत पदवीनंतर दोन वर्षांचं एमडेस, म्हणजे डिझाइनची मास्टर्स पदवी, आहे, मुंबईचं निफ्ट खारघरला, पण त्याची प्रवेश परीक्षा आणि फी दोन्ही आधी नीट बघून घ्या.

१० गिऱ्हाइकं झाली आणि घरचं मशीन खरंच कमी पडायला लागलं तर मग मशीनचं बोलू. तेव्हासुद्धा थेट फ्रेमवालं नको, टेबलावर बसून वापरायचं लांब हाताचं मशीन येतं, कापड आपणच फिरवायचं, जागा आणि पैसा दोन्ही कमी लागतं. पैसे बँकेचे घ्या. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर गट आहे. पीएमईजीपी या केंद्राच्या सबसिडीवाल्या कर्ज योजनेत महिलांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि शहरी भागात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी असते, पण ती नवीन उद्योगालाच मिळते आणि तीन वर्षं बँकेत अडकून राहते, म्हणजे हातात रोख येईल असं समजू नका. नियम बदलत असतात, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन स्वतः विचारा, एजंटला पैसे देऊ नका. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, तिचेही पैसे मागणारे भेटतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की एका डीलरने कोटेशन पाठवलंय आणि 'ऑफर महिनाअखेरपर्यंतच' म्हणतोय. अॅडव्हान्स देऊ नका. ते कोटेशन मला पाठवा, त्यात सर्व्हिसला माणूस कुठून येणार, पार्ट कुठे मिळणार आणि ट्रेनिंग किती दिवसांचं हे लिहिलंय का ते बघते, आणि तोपर्यंत लेकीला ते पेन न उचलता भरलेलं पान पाठवायला सांगा.